गळका डबा

वार्षिकांकाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी नेहमीप्रमाणे ‘बघू’ म्हणून वेळ मारून नेली होती. जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाने लेख लिहायचा म्हणजे एक तर अणूवर लिहायचे, नाही तर अवकाशावर. पण निवृत्तीच्या आधी विद्यार्थ्यांना घेऊन मी जी शेवटची सहल काढली, तीत एका विद्यार्थिनीने मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याला बगल दिली. ते उत्तर देणे राहिले आहे, एवढ्यासाठी हा लेख.

सहल लांबची नव्हती. आपल्या उद्यमबागेतली एक फौंड्री पाहायला गेलो होतो. ओतलेले सुटे भाग घासून-पुसून झाल्यावर एका कोपऱ्यात त्यांची परीक्षा चालली होती. भागाची सारी तोंडे रबराच्या बुचांनी बंद करायची, आत दाबाखाली हवा सोडायची आणि तो पाण्याच्या टाकीत बुडवायचा. कुठून बुडबुडा आला तर भाग बाद. टाकीजवळ स्टुलावर विशीतला एक मुलगा पाण्यात नजर लावून बसला होता. आमच्यातली एक मुलगी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, “सर, यांचं लक्ष उडालं तर?”

मी लगेच प्राध्यापकी सुरू केली. आता अशी यंत्रे आली आहेत की आतला दाब किती उतरला ते मोजून गळती सांगतात. त्याहूनही बारीक गळती शोधायची तर आत हेलियम वायू भरतात, कारण त्याचा अणू इतका लहान की जिथून हवा जायला कुरकुर करते तिथून तो सहज निसटतो, वगैरे. तिने सगळे ऐकून घेतले आणि पुन्हा म्हणाली, “तसं नाही सर. यांचं लक्ष उडालं तर, असं विचारते मी.”

“उडतं कधीकधी,” मी म्हणालो, आणि सर्वांना पुढच्या विभागात नेले.

खरे म्हणजे ही परीक्षा आपण सगळ्यांनी लहानपणीच पाहिलेली असते. सायकलची ट्यूब फुगवून पाण्याच्या घमेल्यात फिरवायची आणि जिथून बुडबुडे येतील तिथे खूण करायची. ज्या गावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचे दुकान काढले, त्या गावातल्या मुलांना हे नव्याने शिकवायला नको. माझे स्वतःचे या विषयातले शिक्षण मात्र बेळगावात झाले नाही. ते झाले माळव्यात, देपालपूरला.

देपालपूर हे इंदूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, इंदुरापासून सुमारे चाळीस किलोमीटर. परमार राजा देवपाल याच्यावरून गावाला हे नाव पडले असे सांगतात. गावाला मोठे तळे आहे. माझे आजोळ तिथले. आईचे पणजोबा होळकर सरकारच्या दप्तरात कारकुनीला लागले आणि घराणे तिकडचेच होऊन गेले. मराठी घरातच उरली होती, आणि तीही अशी की मामी ‘भाजी सुधारते आहे’ म्हणाल्या म्हणजे भाजी चिरत असत. १९८३ च्या मे महिन्यात बी.एस्सी.चे पहिले वर्ष आटोपून मी तिकडे गेलो. तेव्हा इथली रेल्वे मीटरगेज होती. मिरजेला गाडी बदलून पुणे, पुण्याहून धुळे-सेंधव्याच्या वाटेने बसने इंदूर आणि तिथून देपालपूरची बस. अंगातला शर्ट धुळीने असा झाला होता की मामांनी मला दारातच थांबवून आधी विहिरीवर पाठवले.

मामा एका लहानशा कारखान्यात हिशेब लिहीत. तिथे तेलाचे डबे होत, पंधरा किलोचे, चौकोनी. माळव्यात तेव्हा सोयाबीन नुकते जोर धरू लागले होते; पावसाळ्यात पडीक ठेवायच्या काळ्या रानात लोक ते पेरू लागले होते. तेल निघू लागले म्हणजे डबे हवेतच. ‘घरी बसून काय करतोस, चल,’ म्हणून मामांनी मला बरोबर नेले, आणि तिथे मला चाचा भेटले.

चाचा हौदावर होते. डबे तपासायचे काम त्यांचे. साठीच्या आसपासचे वय, बोटांची टोके डाखाच्या चटक्यांनी निबर झालेली. आधीचे आयुष्य कंदील, चाळण्या, रॉकेलची मापे असले पत्र्याचे किडुकमिडुक करण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलेले. सांध्याविषयी त्यांना जे ठाऊक होते ते माझ्या पुस्तकांत नव्हते.

डबा होतो कसा ते थोडे सांगितले पाहिजे. कथलाचा मुलामा दिलेला पत्रा कापून वाकवायचा, दोन कडा एकमेकींत अडकवून घडी ठोकायची आणि त्या उभ्या घडीवर नवसागर लावून शिसे-कथलाचा डाख द्यायचा. मग तळ आणि माथा यंत्रावर दुमडून बसवायचे. (आता ही उभी शिवण विजेने सांधतात, शिशाचा डाख खाण्याच्या डब्यांतून हद्दपार झाला, आणि व्हायलाच हवा होता.) डबा जिथे दगा देतो ती जागा म्हणजे तळाची कड, त्यातही जिथे उभा सांधा तिला येऊन मिळतो ती. तिथे पत्र्याचे थर एकाएकी वाढतात आणि दुमड घट्ट बसत नाही. म्हणून तेवढ्या ठिकाणी हाताने डाखाचा एक ठिपका द्यावा लागे.

तयार डबा चाचांपुढे येई. तोंडावर रबर लावलेले झाकण दाबायचे, त्यातल्या नळीतून पायपंपाने हवा भरायची, ती बेतानेच, कारण चौकोनी डब्याला जास्त हवा सोसत नाही, बाजू फुगतात. मग डबा हौदात. हौद आतून डांबराने काळा केलेला, म्हणजे बुडबुडा पांढरा उठून दिसे. बुडवल्याबरोबर डब्याला चिकटून आलेले बुडबुडे चारी बाजूंनी सुटत. मी पहिल्या दिवशी हर्षाने ओरडलो, “चाचा, गळतोय!” चाचा हसले. त्यांनी पाण्यातच डब्याच्या कडांवरून हात फिरवला, चिकटलेले सारे बुडबुडे पुसून काढले आणि म्हणाले, “भिया, जो एक बार आया और गया, वो बाहर की हवा है. जो उसी जगह से फिर आए, वो अंदर की.”

मग सातपर्यंत आकडे मोजायचे, डबा फिरवायचा, पुन्हा सात. चारी कोपरे होईपर्यंत. पास झालेल्या डब्याच्या तळाला बारीक कुंचल्याने तांबड्या रंगाचा एक गोल काढायचा. तो गोल म्हणजे चाचांची सही. कुठलाही डबा परत आला तर मालक तळ पाहत आणि चाचांना बोलावत.

मोठ्या टाक्या हौदात बुडवता येत नाहीत. त्यांच्या सांध्याची परीक्षाही चाचांनीच मला दाखवली. बाहेरून चुन्याचा हात द्यायचा आणि वाळला की आतून रॉकेल लावायचे. रॉकेल फटीतून असे चढते की थोड्या वेळाने पांढऱ्या चुन्यावर काळपट डाग उमटतो. पुढे वाचनात आले की जहाजांच्या आणि तेलाच्या टाक्यांच्या जोडकामालाही हीच परीक्षा लावत आले आहेत.

पंधरा दिवसांत मी तरबेज झालो, निदान तसे मला वाटू लागले. आणि तेव्हाच चाचांना दोन दिवस गौतमपुऱ्याला जायचे होते, नात्यातल्या लग्नाला. गौतमपुरा देपालपूर तालुक्यातच. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे हिंगोटांचे युद्ध होते, एका बाजूला गौतमपुऱ्याचा ‘तुर्रा’, दुसऱ्या बाजूला रुणजीची ‘कलंगी’. हिंगोट नावाचे फळ पोखरून वाळवायचे, आत दारू भरायची, तोंड मातीने बंद करायचे आणि पेटवून समोरच्या लोकांवर सोडायचे. चाचा म्हणायचे, “वहाँ मुँह बंद करते हैं कि छूटे, यहाँ बंद करते हैं कि न छूटे.” असो. काम रोजंदारीचे, गैरहजर राहिले की पैसे कापले जात. मामा म्हणाले, “चाचा, तुम जाओ. भाचा बैठेगा हौद पे. मैं हाजिरी लगा दूँगा.”

पहिला दिवस मी फार मन लावून काम केले. दुसऱ्या दिवशी दुपारी लू सुटली होती, हौदाच्या गारव्याने डोळे जड होत होते आणि मांडीवर एक कादंबरी होती. सातचे पाच झाले, पाचचे तीन. शेवटी शेवटी मी डबा बुडवत होतो, काढत होतो आणि गोल काढत होतो; मध्ये पाण्याकडे पाहत होतो की नाही हे मला तेव्हाही सांगता आले नसते. त्या दिवशी एकही डबा बाद झाला नाही. चाचांच्या हाताखाली रोज पाचसहा तरी बाद होत. ही गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मी ती मनावर घेतली नाही.

जूनच्या मध्यावर, मी परत निघण्याच्या आदल्या आठवड्यात, दोन डबे परत आले. तेल भरून व्यापाऱ्याकडे गेले होते, पंधरवड्यात तिसरा हिस्सा तेल गळून खालच्या पोत्यांत मुरले होते. तळाला तांबडा गोल होता. मालकांनी चाचांना बोलावले. चाचांनी डबा उपडा केला, कोपरा नखाने खरवडला, वासून पाहिले. ठिपक्याखाली नवसागराची काळी राख होती. “राँगा पहुँचा ही नहीं,” ते म्हणाले. म्हणजे डबा वाटेत आदळून फुटला नव्हता. तो जन्मतःच गळका होता.

डबे कोणत्या दिवसांतले ते मालकांच्या वहीत होते आणि हजेरीच्या वहीत त्या दिवशी चाचा हजर होते. चाचांनी ‘मी नव्हतो’ म्हणावे तर मामांची लबाडी उघडी पडणार आणि स्वतःचे दोन दिवसांचे पैसेही जाणार. मामांनी बोलावे तर नोकरी जाणार. उरलो मी. मी तिथेच, पंपापाशी उभा होतो. मला कुणाचीच भीती नव्हती. मालक फार तर मला हाकलते, आणि मी तर आठवड्याने निघणारच होतो. तरी मी बोललो नाही. दोन्ही डब्यांतल्या तेलाची किंमत चाचांच्या पगारातून तीन हप्त्यांत कापायचे ठरले. चाचांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. झाकण उचलले आणि पुढचा डबा घेतला.

पुढे मी एम.एस्सी. झालो, शिकवू लागलो, आणि मला एक मोठा आधार सापडला. पृष्ठताणाचे सूत्र! पाण्यात बुडालेल्या बारीक छिद्रातून बुडबुडा बाहेर पडायचा तर पाण्याच्या पृष्ठताणावर मात करावी लागते, आणि छिद्र जितके लहान तितका त्याला लागणारा दाब मोठा. छिद्राचा व्यास मिलिमीटरचा शंभरावा भाग असेल तर वातावरणाच्या दाबाच्या पाव पटीहून अधिक जादा दाब आत हवा. चौकोनी डब्यात इतका दाब भरण्याची सोय कुठे? म्हणजे अशा छिद्राचे तोंड पाणीच मिटवून धरते आणि परीक्षक कितीही डोळे फाडून बसला तरी त्याला काही दिसत नाही. (पाण्यात साबण घालतात तो याचसाठी, त्याने पृष्ठताण उतरतो.) वर्गात हे फळ्यावर मांडताना मला दर वर्षी मनातून हलके वाटे. दोष माझा नव्हता, निसर्गनियमाचा होता!

एका वर्षी एका विद्यार्थ्याने, त्याला माझे काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते, विचारले, “मग अशा छिद्रातून तेल किती गळेल?” आम्ही गणित केले. तेलाचा चिकटपणा, पत्र्याची जाडी, वरच्या तेलाचा दाब. उत्तर आले : महिन्याकाठी चारपाच थेंब. तिसरा हिस्सा डबा पंधरवड्यात रिकामा व्हायला छिद्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून मोठे हवे. तेवढ्या छिद्रातून थोड्याशा हवेनेही बुडबुड्यांची माळ लागते. आंधळ्यालाही तिचा आवाज यावा. मी फळा पुसला.

त्यानंतर मी उदाहरण बदलले. अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ यान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले आणि सातही अंतराळवीर गेले. बाजूच्या रॉकेटच्या तुकड्यांमधला एक सांधा गळला होता. थंडीने रबराची कडी आखडली होती. पण चौकशीत पुढे आलेली दुसरी एक गोष्ट मला अधिक विचार करायला लावते. त्या सांध्यात दोन कड्या आणि आतून लांबी भरलेली असे. कड्या नीट बसल्या की नाही हे पाहायला दोहोंच्या मध्ये हवा भरत. दाब कमी ठेवला तर वाईट कडीची गळती लांबीच झाकून ठेवी. म्हणून तो चौरस इंचाला ५० पौंडांवरून वाढवत २०० पर्यंत नेला. तेव्हा त्या हवेनेच लांबीत भोके पडू लागली, आणि उड्डाणात त्या भोकांतून तप्त वायू कडीपर्यंत पोचू लागला. दाब वाढवल्यानंतर कड्या जळाल्याच्या नोंदीही वाढल्या. मुले हे ऐकताना अगदी गप्प होतात. मग मी त्यांना घरच्या गॅस सिलिंडरच्या मानेजवळच्या पट्टीवरचे अक्षर आणि वर्ष पाहून यायला सांगतो. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे. त्या मुदतीनंतर सिलिंडर पुन्हा तपासल्याशिवाय भरायचा नसतो. तास चांगला रंगतो. देपालपूरचे नाव त्यात येत नसे.

मनाशी मी आणखी एक पळवाट जपून ठेवली होती. वहीतल्या तारखा चुकतात. ते डबे कदाचित आदल्या दिवशीचे, म्हणजे चाचांनीच पास केलेले असतील. गोल तर सगळ्यांवर सारखेच.

तीन वर्षांपूर्वी मामी गेल्या म्हणून मी देपालपूरला गेलो. कारखाना केव्हाच बंद पडला आहे. तिथे आता बियाण्यांचे गोदाम आहे. चाचा फार पूर्वी वारले, त्यांचा मुलगा इंदुराकडे गेला, कुठे ते मामांना ठाऊक नव्हते. मामांनी ऐंशी ओलांडली आहे. उन्हाळ्यात माळव्यात दिवस कितीही तापो, रात्री गार वारा सुटतो; आम्ही गच्चीवर खाटा टाकून पडलो होतो. तिथे मी त्यांना सगळे सांगितले. कादंबरीसुद्धा सांगितली.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, मला तेव्हाच कळलं होतं.”

“चाचांनी सांगितलं?”

“ते कशाला सांगतील. गोल बघितला मी. चाचांचा हात कापायचा, त्यांचा गोल कधी पुरा मिळायचा नाही, थोडी जागा राहायचीच. त्या दोन डब्यांवरचे गोल पुरे होते. छान काढलेले.”

मी विचारले, “मग वहीत कपात कुणी लिहिली?”

“लिहायला दुसरं कोण होतं तिथे?” मामा म्हणाले. “तीन हप्ते. तिन्ही माझ्याच अक्षरात आहेत.”

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, सकाळी कितीची बस आहे. मी म्हणालो, सातची. ते उठले, काठी टेकत खाली स्वयंपाकघरात गेले आणि गॅसचा कॉक बंद आहे ना ते पाहून परत आले.